एकच बाटली आणायची तर: एंजल की लो दिस्से?

पत्र: माझा भाऊ मस्कतला असतो. चवथीला येताना तो मला एक चांगला परफ्यूम आणणार आहे, नाव मीच कळवायचं आहे. मे महिन्यात पणजीला गेले होते, तेव्हा एका मोठ्या दुकानात कागदाच्या पट्टीवर दोन वास घेतले. एक इस्से मियाकेचा लो दिस्से, दुसरा म्युग्लेरचा एंजल. पहिला पाण्यासारखा स्वच्छ, दुसरा चॉकलेट-कॅरमलसारखा. दोन्ही आवडले. पण घरी येईपर्यंत पहिली पट्टी फिकी पडली होती, दुसरी पर्समध्ये आठवडाभर दरवळत होती. नणंद म्हणते, टिकतो तोच घे, पैसे तरी वसूल होतील. मी वेंगुर्ल्यात एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. एसी नाही, पंखा आहे. एसटीने रोज चाळीस मिनिटं जायचं, तेवढंच यायचं. घरी सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. आजवर टाल्कम पावडर आणि कधीमधी बॉडी स्प्रे यापलीकडे काही वापरलेलं नाही. भावाला कोणता सांगू? आणि दोन्ही थोडे थोडे एकत्र मारता येतात का?
— एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर: ताई, भावाला लो दिस्से कळवा. पण आजच कळवू नका. आधी तो एकदा तुमच्या हातावर, घामासकट, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वागवून बघा. त्यात तो नापास झाला तर एंजलकडे वळू नका, तिसरं काही शोधा. नणंदेचा हिशेब छत्रीच्या बाबतीत बरोबर आहे. परफ्यूमचं तसं नसतं. जो वास आठवडाभर हटत नाही, तो डोकं दुखायला लागल्यावरही हटत नाही, आणि तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाला तो निवडायची संधीच मिळालेली नसते.

तुम्ही जोडी मात्र मजेशीर काढलीत. दोन्ही परफ्यूम १९९२ सालचे, दोन्ही कपड्यांच्या डिझायनरांच्या नावाचे आणि दोन्ही एकमेकांच्या पार उलट टोकाला. जपानी डिझायनर इस्से मियाके यांना पाण्याची आठवण देणारा वास हवा होता, तो जाक काव्हालिए यांनी घडवला. फ्रान्सच्या थिएरी म्युग्लेर यांना लहानपणच्या जत्रेतला गोडधोडाचा वास हवा होता, तो ओलिव्हिए क्रेस्प यांनी घडवला. दोघेही डिझायनर २०२२ मध्ये गेले, त्यांच्या बाटल्या अजून दुकानांत आहेत. तीस वर्षांत पुढे आलेले शेकडो परफ्यूम या दोघांपैकी एकाच्या तरी वळणावर गेलेले दिसतात, त्यामुळे तुमची निवड उमगली की पुढच्या खरेदीतही उपयोगी पडेल.

आधी एंजल. त्यातला गोडवा बराचसा एथिल माल्टॉल या रसायनाचा. जत्रेत काडीवर गुंडाळून मिळणाऱ्या साखरेच्या कापसाचा जो वास, तोच हा. जोडीला व्हॅनिला, मध, फळं आणि तुम्हाला जाणवलेलं चॉकलेट. नुसतं एवढंच असतं तर वास पोरकट झाला असता. क्रेस्पनी त्याखाली पचौलीचं तेल सढळ हाताने घातलं. पचौली हे तुळशीच्या कुळातलं झुडूप. बहुतेक तेल इंडोनेशियातून येतं. पानं वाळवून, वाफेवर तेल काढतात. वास ओल्या मातीचा, लाकडाचा, किंचित कापरासारखा. या तेलातले रेणू जड असतात, हवेत उडायला फार वेळ घेतात. तुमच्या पर्समधली पट्टी आठवडाभर बोलत राहिली ती या पचौलीमुळे आणि व्हॅनिलामुळे. दर्जाशी तिचा संबंध नाही.

दुसरी गोष्ट, पट्टीवरची तुलना मुळात सारख्या मापाची नव्हती. एंजल बहुधा ईडीपी (ओ द पार्फ्यूम, म्हणजे दाट) स्वरूपात मिळतो, लो दिस्से बहुधा ईडीटी (ओ द तॉयलेत, म्हणजे पातळ). ईडीटीमध्ये सुगंधी द्रव्यं ढोबळमानाने ५ ते १५ टक्के असतात, ईडीपीमध्ये १५ ते २० टक्के, बाकी बहुतांश अल्कोहोल. कंपनीगणिक आकडे इकडेतिकडे होतात, पण एक पट्टी लवकर फिकी पडली याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता लो दिस्से. पाण्याला वास नसतो, त्यामुळे इथे सगळा खेळ भासाचा. तो भास कॅलोन नावाचं रसायन देतं. ते फायझर कंपनीच्या रसायनज्ञांना १९६६ साली सापडलं, पण परफ्यूममध्ये ठळकपणे दिसायला १९८०च्या दशकाची अखेर उजाडली. कलिंगड खाताना सालीजवळचा पांढरट गर लागतो ना, त्याचा वास आठवा. थोडी काकडी, थोडी खारी झुळूक. त्याभोवती कमळ, फ्रीसिया, गुलाब अशी हलकी फुलं आणि तळाशी देवदाराच्या जातीचं लाकूड आणि मस्क, म्हणजे कस्तुरीच्या वळणाचा वास. फुलं बरीचशी प्रयोगशाळेत जुळवलेली. कमी लेखायचं कारण नाही, कलिंगडातून अत्तर निघतच नाही, ते असंच बनवावं लागतं.

आणि इथेच तुमच्या भागापुरती एक खास गोम आहे, म्हणून हातावर घ्या म्हणतोय. शहरातल्या माणसाला कॅलोन म्हणजे समुद्रकिनारा वाटतो. तुम्हाला खरा किनारा माहीत आहे: वाळत घातलेली सुकट, ओहोटीला उघडा पडलेला खाजणातला चिखल, जेटीवरचं डिझेल. कॅलोनला ताज्या कालवांसारखी एक कडा असते. ज्यांनी खडकावरची कालवं फोडून गर काढला आहे, त्यांच्या नाकाला ती चटकन सापडते आणि एकदा सापडली की कलिंगड मागे पडतं, कालवंच पुढे राहतात. काहींना ती मुळीच जाणवत नाही. कागदावर तुम्हाला ती लागली नाही हे चांगलं लक्षण, पण कागद गरम नसतो आणि त्याला घामही येत नाही. त्वचेवर, दुपारी दोन वाजता ती वर येते का, एवढंच बघायचं आहे.

परीक्षा कशी घ्यायची ते नीट सांगतो, कारण बहुतेक चुकीच्या खरेद्या इथेच होतात. पणजी, कोल्हापूर, जिथे जमेल तिथे दुकानात सकाळी जा. त्या दिवशी केसांना तेल नको, अंगाला पावडर नको, साबण शक्य तितका बिनवासाचा. खोबरेल तेलाचा वास आपल्याला सवयीने जाणवत नाही, पण तो परफ्यूममध्ये मिसळतो. डाव्या हाताच्या कोपराच्या खाली, आतल्या बाजूला लो दिस्सेचा एकच फवारा, साधारण वीतभर अंतरावरून. मनगटावर नको, हात धुताना तिथलं निघून जातं. फवारल्यावर दुसऱ्या हाताने चोळू नका. चोळल्याने वरचे हलके वास भरकन उडतात आणि उरलेलं त्वचेवर पसरून फिकं होतं. एंजल त्याच दिवशी दुसऱ्या हातावर घेऊ नका. तो इतका दांडगा आहे की अर्ध्या तासात दोन्ही हातांना त्याचाच वास येतोय असं वाटेल. त्याची पट्टी मागून घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून घरी न्या.

मग दुकानाबाहेर पडा. दुकानदार तिथल्या तिथे निर्णय घ्यायला लावेल, त्याला हसून नमस्कार करा. पहिली दहा-पंधरा मिनिटं जे येतं ते अल्कोहोल आणि सगळ्यात हलकी द्रव्यं. परफ्यूम विकला जातो तो याच मिनिटांवर. तासाभराने जो वास येईल तो खरा, कारण त्याच्याबरोबर तुम्हाला दिवस काढायचा आहे. बाजारात उन्हातून फिरा, एसटीने घरी या, स्वयंपाक करा. तासाने, चार तासांनी आणि संध्याकाळी एकदा हुंगा. मधे मधे सारखं हुंगत राहिलात तर नाक त्या वासाला सरावतं आणि तो गेला असं वाटतं. दुकानात वासांची सरमिसळ झाली तर कॉफीच्या बिया हुंगायला देतात. आपल्या बाहीचा किंवा मोकळ्या हवेचा वास घेतला तरी तेवढंच काम होतं. शक्य असेल तर दोन-अडीच मिलीचं सॅम्पल मागून घ्या आणि एखाद्या कामाच्या दिवशी लावून काउंटरवर बसा. शेजारच्या सहकारी बाईंना आधी काही न सांगता दुपारी विचारा, कसला वास येतोय? त्या "काकडी" म्हणाल्या तर उत्तम, "साबण" म्हणाल्या तरी चालेल, "मासळी" म्हणाल्या तर विषय संपला.

त्याच जागी चोवीस तासांत लाली किंवा खाज आली नाही ना, तेही बघून ठेवा.

एसी दुकानातला वास आणि वेंगुर्ल्यातला वास वेगळा का होतो? उष्णतेत सुगंधी द्रव्यं भराभर उडतात. म्हणजे तोच एक फवारा दर मिनिटाला जास्त वास सोडतो, लांबवर पोचतो आणि हलका असेल तर लवकर संपतो. लो दिस्सेचं हेच होणार: थंड ठिकाणी पाच-सहा तास टिकला असता, तो मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हिटमध्ये तीन-चार तासांत अंगाजवळ येऊन बसेल. एंजलचं उलट. त्याच्याकडे संपण्यासारखं हलकं थोडंच आहे, त्यामुळे उष्णतेने तो नुसता मोठा होतो. त्यात आपल्याकडे हवा दमट, घाम वाळत नाही. घामाचा आंबूस वास आणि वर साखर-व्हॅनिला, हे मिश्रण बंद जागेत कसं होतं ते तुम्ही एसटीत एखाद्या बॉडी स्प्रेच्या निमित्ताने अनुभवलं असेलच. गोड वास घाम झाकत नाहीत, त्याला पाक लावतात.

काउंटरवर तुमच्यापुढे दिवसभरात शंभरएक माणसं येऊन उभी राहत असतील, हातभर अंतरावर, पंखा तुमच्या पाठीकडून त्यांच्याकडे वारा घालतोय. त्यांत कोणी गरोदर असेल, कोणी उपाशीपोटी आलेलं असेल. पावसाळ्यात एसटीच्या खिडक्या खाली ओढलेल्या असतात, चाळीस मिनिटं कोणाला उठून जाता येत नाही. अशा नोकरीत परफ्यूमची हद्द आपल्या हाताच्या लांबीएवढी असावी. लो दिस्सेचे दोन फवारे त्या हद्दीत राहतात. एंजलचा एकसुद्धा राहणार नाही.

पावसाळ्याचं आणखी एक, आणि हे परफ्यूमच्या पुस्तकांत सापडत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे नीट वाळत नाहीत. घडी उघडली की कुबट वास. पचौलीचा वास मुळातच ओल्या मातीच्या, बंद खोलीच्या जातीचा. कुबट साडीवर एंजल गेला की ते दोन वास एकमेकांना धरून बसतात आणि लोकांना वाटतं, बाईंनी ओली साडी नेसली आहे. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात कश्मिरी शाली युरोपला जाताना त्यांच्या घड्यांत कसर लागू नये म्हणून पचौलीची वाळकी पानं घालत, त्यामुळे तिकडे तो वास श्रीमंतीचा ठरला. आपल्याकडे त्या जागी डांबरगोळ्या असतात, आणि डांबरगोळीचा वास कुठल्याच परफ्यूमशी जुळत नाही, लो दिस्सेशी तर नाहीच. परफ्यूम वापरायचा तर कामावरच्या साड्या, ड्रेस डांबरगोळ्यांच्या कपाटातून बाहेर काढा. इस्त्री गरम गरम फिरवून, कापड पूर्ण गार झाल्यावरच कपाटात ठेवा. कुबटपणा आला असेल तर धुण्याच्या शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर एका बादलीला पुरतं; त्याचा वास कापड वाळल्यावर उरत नाही.

एंजल आपल्याकडे अजिबात चालत नाही असं मात्र म्हणणार नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा २० अंशांच्या आसपास उतरतो, हवा जरा कोरडी असते, जत्रा आणि दशावताराचे दिवस असतात. मोकळ्या मैदानात, रात्री, एक फवारा, तोही गळ्यावर नाही तर गुडघ्यामागे किंवा परकराच्या आतल्या काठाला. वास खालून वर येत येत सौम्य होतो. अशा रात्री तो फार सुंदर लागतो, आणि त्याच्यावर जीव टाकणारी माणसं का आहेत ते कळतं. पण वर्षातल्या पंधरा-वीस रात्रींसाठी भावाची एकुलती बाटली खर्च करायची का, हा प्रश्न आहे. पुढेमागे घ्यावासा वाटला तर सगळ्यात छोटी बाटली घ्या. एक फवारा म्हणजे साधारण ०.१ मिली. २५ मिलीत अडीचशे फवारे होतात, म्हणजे तुमच्या वापराने दहा वर्षांहून जास्त. एवढी वर्षं ती टिकणारही नाही.

हाच हिशेब लो दिस्सेला लावा. ५० मिली म्हणजे पाचशे फवारे. रोज तीन, आठवड्याचे सहा दिवस, तर अठ्ठावीस आठवडे, जवळपास साडेसहा महिने. मधे सुट्ट्या, आजारपण, फुलं माळायचे दिवस धरले तर आठ-नऊ महिने सहज. १०० मिलीची बाटली मिलीमागे स्वस्त पडते म्हणून भाऊ तीच उचलेल. पहिल्या डिझायनर परफ्यूमला ती घेऊ नये. आपल्या हवेत अर्धी बाटली उतरेपर्यंत तुमची आवड बदललेली असू शकते.

फुलांचं आलंच आहे तर: फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगीचा वळेसर केसांत असेल त्या दिवशी परफ्यूम नकोच. सुरंगीपुढे मियाकेही फिका आणि म्युग्लेरही. सोनचाफ्यालाही तेच लागू. बकुळीबरोबर लो दिस्से बरा जातो, कारण बकुळ दबक्या आवाजात असते.

लो दिस्से लावायचा कसा? आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करा, पंख्याखाली पाच मिनिटं बसा. ओल्या किंवा घामेजल्या अंगावर फवारलेलं पाण्याबरोबर घरंगळून जातं. त्वचा फार कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर पातळसं लावा. चिकट थरावर परफ्यूम थोडा जास्त थांबतो. टाल्कम पावडर बंद करावी लागेल, निदान सुगंधी तरी. तिचा गुलाब-चंदनाचा वास लो दिस्सेच्या कलिंगडाला पार बुजवतो आणि पैसे पावडरीत जातात. काखेला बिनवासाचं डिओडरंट. मग एक फवारा मानेच्या मागे, केस उचलून, आणि एक ब्लाऊजच्या किंवा कुर्त्याच्या आतल्या सुती भागावर. कापडावर वास त्वचेपेक्षा जास्त टिकतो. पॉलिस्टरवर नको, ते घामाचा वास धरून ठेवतं आणि संध्याकाळी सगळं एकत्र बाहेर येतं. तिसरा फवारा सकाळी मारू नका, तो जेवणाच्या सुट्टीसाठी ठेवा: पाच मिलीच्या छोट्या स्प्रे बाटलीत काढून पर्समध्ये. त्याआधी ओल्या रुमालाने मान पुसून कोरडी करायची. घामावर दुसरा थर चढवणं ही सर्वांत मोठी चूक, बहुतेक माणसं तीच करतात.

दुपारी स्वतःला वास येत नसेल तर घाबरून आणखी मारू नका. आपलं नाक अर्ध्या तासात आपल्या अंगाच्या वासाकडे काणाडोळा करायला लागतं. काही मस्क तर काही माणसांना जन्मतःच जाणवत नाहीत. अंदाज दुसऱ्याच्या नाकावरून घ्या.

सासूबाईंसाठी: दम्याच्या माणसाला परफ्यूमचे बारीक थेंब आणि उडणारं अल्कोहोल दोन्ही त्रास देऊ शकतात, वास कितीही सौम्य असो. बंद खोलीत फवारणं बंद. पडवीत किंवा अंगणात, वाऱ्याची दिशा घराबाहेर असेल असं उभं राहून फवारायचं आणि तिथूनच निघायचं. घरी परतेपर्यंत लो दिस्से बराचसा उतरलेला असतो; कामाचे कपडे लगेच बदलून बाहेरच्या दोरीवर टाकले तर आणखी बरं. तरीही त्यांना खोकला आला तर परफ्यूम फक्त पतसंस्थेत गेल्यावर लावायचा आणि घराबाहेरच ठेवायचा. एंजल साडीच्या पदरात दोन-तीन दिवस राहतो, म्हणजे तो तुमच्याबरोबर त्यांच्या खोलीत जाणार. तुमच्या घरात त्याला नाही म्हणायला मला तेवढं एक कारण पुरलं असतं.

दोन्ही एकत्र मारण्याबद्दल: मारता येतात, मारू नका. एंजल वर राहील, लो दिस्सेचा कलिंगड-भाग त्याच्या साखरेत मिसळून जास्त पिकलेल्या फळासारखा लागेल. हलका-जड अशी जोडी जमते तेव्हा दोघांत काहीतरी समान असतं, लाकूड म्हणा किंवा एखादं फूल. इथे तसं ठळक काही नाही.

चवथीत वापरणार असाल तर दोन गोष्टी. मोत्यांची नथ, चिंचपेटी परफ्यूम लावून पाच मिनिटं झाल्यावर घाला. अल्कोहोलने मोत्यांची झळाळी कमी होते. पैठणीवर किंवा कुठल्याही रेशमावर थेट फवारू नका, डाग पडतो. एंजलचं पाणी तर निळसर असतं, पांढऱ्या सुतीवरही नको. आणि आरतीच्या तोंडावर, निरांजन-कापूर पेटलेला असताना फवारणं धोक्याचं आहे. बाटलीत बहुतांश अल्कोहोल आहे, ते पेट घेतं. दहा मिनिटं आधी, देवघरापासून लांब लावा.

परीक्षा पास झाली की भावाला नुसतं नाव लिहून पाठवू नका, खोक्याचा फोटो पाठवा. लो दिस्से याच नावाचा पुरुषांचा परफ्यूम १९९४ पासून आहे, त्यावर "पूर होम" असं लिहिलेलं असतं. तो यूझू नावाच्या जपानी लिंबाच्या वळणाचा, वेगळाच आहे. बायकांची बाटली उंच, शंकूसारखी निमुळती, डोक्यावर चंदेरी गोळी. आयफेल टॉवरवर आलेल्या चंद्रावरून ती सुचली असं सांगतात. ईडीटी, ५० मिली, हे स्पष्ट लिहा. याच कुटुंबात दरवर्षी थोडी नावं बदलून नवी भावंडं येतात, दुकानदार तीच पुढे करतो, ती नकोत. लोशन आणि छोटी बाटली घातलेला गिफ्ट सेट स्वस्त दिसतो, पण दम्याच्या घरात सुगंधी लोशन कशाला? विमानतळावरच घेणार असेल तर दुकान जी पिशवी सील करून देतं ती मधे विमान बदलताना फोडू नये, बिल आत दिसत राहू दे. शहरात घेतली तर चेक-इन बॅगेत, झाकणाला टेप लावून, कपड्यांत गुंडाळून. चेक-इनमध्ये एक बाटली ५०० मिलीपर्यंत आणि असं सगळं सामान मिळून दोन लिटरपर्यंत चालतं. खोक्याच्या तळाशी आणि बाटलीच्या तळाशी छापलेला बॅच नंबर एकच आहे ना, हे त्याने पैसे देण्याआधी बघावं. नंबर जुळत नसतील तर ती बाटली तिथेच ठेवायची.

घरी आल्यावर बाटली खोक्यातच ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट दुपारी तापतं, कौलांखालचा माळा त्याहून जास्त, दोन्ही टाळा. बाथरूमही नको. लाकडी कपाटाचा सगळ्यात खालचा खण उत्तम. फ्रिजच्या दारात ठेवली तरी बिघडत नाही, फक्त सुकटीच्या डब्यापासून लांब. खाऱ्या हवेत स्प्रेची धातूची कडी काळवंडते आणि गळायला लागते, म्हणून दर वेळी कोरड्या फडक्याने पुसून झाकण लावा. उघडल्यापासून दोन-तीन वर्षांत संपवा. खराब व्हायला लागली की आधी वरचा ताजा भाग जातो, फवारल्याबरोबर नेलपॉलिशसारखा आंबट झटका येतो. तो मिनिटभरात विरत असेल तर बाटली अजून वापरता येईल. दहा मिनिटांनीही राहत असेल तर अंगाला लावू नका.